उभ्या तारा

मिक्सरला झेंडूची माळ घातली होती. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वायरची नीट गुंडाळी करून तिच्यावर विड्याचं पान ठेवलेलं. शेजारी विळी, हातोडी, पाने, पकडी, माझी शिवणाची कात्री, अशी सगळी मंडळी पांढऱ्या कापडावर नटूनथटून बसलेली. आणि त्यांच्या मध्यभागी, नवरदेवासारखा, आमचा मिक्सर. मी समोर उभी. एका हातात सोललेलं केळं, दुसऱ्या हातात चिकू.

"मामा," मी म्हटलं, "मिक्सर लागतोय मला."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. ते पाटासमोर मांडी घालून सुताची लडी उलगडत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "आज खंडेनवमी हाय."

"ते ठाऊक आहे मला. पण यांच्या पोटात सकाळपासून काही नाही."

"दूध दे की."

"दूध बघितलं की तोंड फिरवतात. इतके दिवस दुधावर काढल्यावर वासरूसुद्धा कंटाळेल."

"आज हत्यारं उठवायची न्हाईत. उद्या उत्तरपूजा झाली की ने."

"मिक्सर काय हत्यार आहे का, मामा?"

आता मात्र त्यांनी माझ्याकडं बघितलं. "त्येला पातं हाय का न्हाई?"

पातं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण झेंडूचा वास आला की अजून माझ्या तळहाताला घाम फुटतो. लोकांना त्या वासानं सण आठवतो, मला तो सकाळचा पाट आठवतो.

आम्ही इचलकरंजीचे. घरामागच्या शेडमध्ये आमचे माग. या गावात जन्मलेलं मूल पाळण्याच्या हलण्याआधी मागाचा खटका ऐकतं, असं म्हटलं तरी चालेल. दिवसरात्र खटक-खट, खटक-खट. वर्षातून खंडेनवमीला तेवढं सगळं गाव गप्प होतं. माग पुसायचे, तेलपाणी करायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही. नवीन सून म्हणून आले तेव्हा त्या शांततेनं मला झोप लागली नव्हती. एवढं गाव एकदम मुकं कसं झालं, म्हणून दचकून उठले होते.

त्या वर्षी मुकं झालं होतं ते आमचं घरच. गणपती उठले त्याच आठवड्यात शेडमध्ये चालत्या मागातून धोटा उडाला. धोटा म्हणजे लाकडाची छोटी होडी, दोन्ही टोकांना लोखंडाची टोपणं. ती आडवा दोरा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडं बंदुकीच्या गोळीसारखी पळते. एखाद वेळी वाट चुकते आणि मागाबाहेर उडते. ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गुरुनाथच्या तोंडावर बसला तो. खालचा जबडा मोडला.

डॉक्टरीणबाईंनी वरचे आणि खालचे दात एकमेकांना तारांनी बांधून टाकले. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचंच नाही. बोलायचं ते दात मिटून, खायचं ते दाढेमागच्या बोटभर फटीतून नळी घालून. घरी सोडायच्या दिवशी बाईंनी मला जवळ बोलावलं आणि ह्यांचा ओठ वर करून दाखवला.

"या दोन पट्ट्या दिसतात ना, वर एक आणि खाली एक? यांना हात लावायचा नाही. त्या दोन्हींना जोडणाऱ्या या उभ्या तारा बघा. उलटी आली तर आधी पुढं वाकवायचं. बहुतेक वेळा फटीतून निघून जातं. नाही निघालं, श्वास कोंडला, तर या उभ्या तारा कापायच्या. दोन्ही बाजूंच्या."

"कोणी?"

"घरात असेल त्यानं."

आणि त्यांनी माझ्या हातात एक कटर दिला. मुठीत मावेल एवढा, निळ्या रबराच्या दांड्यांचा. समोर दोन चिमट्यांत धरलेली तार मला कापायला लावली. पहिल्यांदा सटकलीच.

"हात थरथरतोय हो माझा," मी म्हटलं.

"थरथरू दे. कापून झाल्यावर घाबरायला वेळच वेळ असतो."

बाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी. पण ते वाक्य मी मंगळसूत्रासारखं गळ्यात बांधून घरी आणलं.

घरी आल्यावर ह्यांच्या खाटेच्या डोक्याशी खिळा मारला आणि त्याला तो कटर लाल फितीनं टांगला. त्या दिवसापासून माझं निम्मं लक्ष त्या खिळ्यावर. भाकरी थापताना मागं वळून बघायची. हे खोकले की हातातलं टाकून धावायची. हे दात मिटूनच हसायचे, "अं हं हं" करून, आणि हातानं खूण करायचे, जा, काही नाही. मामा मात्र खाटेपाशी बसले की त्या खिळ्याकडं पाठ करून बसत. एकदा मी बोलता बोलता तिकडं बोट दाखवलं तर उठूनच गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला किळस येत असेल.

दवाखान्यातली आहार सांगणारी मुलगी म्हणाली होती, "काकू, यांना फळांची स्मूदी द्या."

"म्हणजे काय गं?"

"केळं, चिकू, पपई, दूध, सगळं मिक्सरमधून काढायचं."

"म्हणजे शिकरणच की."

"शिकरणात तुकडे असतात, काकू. यांना तुकडा चालणार नाही."

तिचं म्हणणं खरं होतं ते मला घरी कळलं. पपईला धागे असतात, चिकूला रवा असतो, केळं ठेवलं की चिकटतं. नळीत एवढासा कण अडकला की ह्यांचा चेहरा असा व्हायचा की बघवत नसे. मग मी माझी माझीच शिकत गेले. चिकूची बी काढून सालीलगतचा भाग टाकायचा. पपई पिकलेली, पण लाळ सुटलेली नको. दूध कोमट. तीनदा फिरवायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून घ्यायचं. शेवटी चिमूटभर वेलदोडा, तोही गाळूनच. माहेरी मला कोणी सुगरण म्हटलं नव्हतं, पण फळं पातळ करण्यात त्या महिन्यात माझा हात कोणी धरला नसता.

आणि नेमका आज मिक्सर देव होऊन बसला होता.

मी म्हटलं, बरं, हातानं करू. पुरणाची चाळण काढली. केळं, चिकू, पपई कुस्करून चाळणीवर घासघास घासलं. खालून गोळा पडला. दूध घालून रवीनं घुसळलं, फडक्यातून पिळलं. फडकं गच्च भरलं आणि भांड्यात चार चमचे पाणचट दूध. तोवर ह्यांच्या गोळीची वेळ टळून चालली होती. गोळी कुटून पाण्यात कालवून तेवढी नळीनं दिली. मग ते चार चमचे. नळी पहिल्याच घोटाला तुंबली. ह्यांनी नळी बाजूला केली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. भुकेलं माणूस रागावतसुद्धा नाही, नुसतं भिंतीकडं बघतं.

मी शेजारी हौसाक्काच्या दारात गेले. "अक्का, मिक्सर द्या तेवढा."

हौसाक्का उंबऱ्याला हळद लावत होत्या. मोठ्यानं हसल्या. "अगं, माझ्याबी मिक्सरच्या गळ्यात माळ हाय. साऱ्या गल्लीत फीर हवं तर. आज समदे मिक्सर देव झाल्यात, कोण खाली उतरणार न्हाई."

"माणूस उपाशी आहे हो घरात."

त्यांचं हसू थांबलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग घे की गपचीप आपलाच. म्हातारा काय फाशी देतोय?"

"गपचीप? तो लावला की वरच्या गल्लीला ऐकू जातो."

"मग उघड घे," त्या म्हणाल्या.

घरात परतले तर मामा पूजेतल्या वस्तूंना सूत गुंडाळत होते. ही आमच्या घरची रीत. पूजा झाली की प्रत्येक हत्याराला आपल्याच मागावरचं सूत गुंडाळायचं, म्हणजे ते निजलं. उद्या सोडवायचं, म्हणजे जागं झालं. सगळ्यांत पुढं, देवीच्या तसबिरीखाली, फुलांचा ढीग होता. त्याच्या बाजूला एक धोटा. मी तो ओळखला. टोपणावर अजून डाग होता.

"मामा, हा पण पूजेला?"

"त्येनं मारलं म्हणून काय झालं? इतकी वर्सं घास बी त्येनंच दिला."

मी पाटासमोर बसले. "मामा, मी मिक्सर घेतेय. यांना तुकडा गिळता येत नाही, तुम्हाला दिसतंय. परत आणून ठेवते. पुन्हा कुंकू लावते."

"गेल्या साली काय झालं, ठाऊक हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. गेल्या खंडेनवमीला एका व्यापाऱ्याचा माल अडला होता म्हणून ह्यांनी एक माग चालू ठेवला होता. साऱ्या गावाच्या शांततेत आमचा एकटा माग खटखटत होता. मामा शेडच्या दारात उभे राहून सांगत होते, आणि हे म्हणाले होते, "अण्णा, हे जुनं आता सोडा." तेव्हापासून बापलेकांचं सरळ बोलणं बंद. "त्याला सांग, वीजबिल आलंय." "अण्णांना सांग, बघतो." एकाच खोलीत, माझ्या डोक्यावरून. आणि धोटा उडाला तो त्याच मागाचा.

"त्याचा आणि याचा काही संबंध नाही, मामा," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मलाही नीटसं माहीत नव्हतं.

"नसंल," मामा म्हणाले. "पण मी आता काय बी उठवू देणार न्हाई. एकदा झालं तेवढं बास झालं."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मला वाटलं हट्ट आहे. मी उठले, मिक्सरवरची माळ काढून विळीच्या मुठीला घातली, पान बाजूला ठेवलं, आणि मिक्सर उचलला. मनात म्हटलं, आई, रागवायचं तर माझ्यावर रागव, त्या खाटेवरच्याला काही करू नको. मामांनी हात पुढं केला नाही. तोंडानं काही पुटपुटले आणि लडी घट्ट धरून बसले.

मिक्सर लावला. साऱ्या मुक्या गावात तो आवाज कसा निघाला म्हणून सांगू. एरवी मागांच्या खटक्यात मिक्सर ऐकूसुद्धा येत नाही. त्या दिवशी भिंतीपलीकडून हौसाक्का "जय अंबे" म्हणाल्या ते मला मिक्सर थांबल्या थांबल्या ऐकू आलं.

पण स्मूदी काय झाली होती! सायीसारखी. केशरी रंगाची, एक धागा नाही, एक कण नाही. फडक्यातून सरसर उतरली. मी चव घेतली आणि माझं मलाच बरं वाटलं. पेला भरून ह्यांच्यापुढं नेला.

ह्यांनी वास घेतला. डोळे चमकले. नळी लावली आणि मी "हळू, हळू" म्हणेपर्यंत अर्धा पेला संपवला. मग उरलेलाही. अंगठा वर केला.

"आता पडा तक्क्याला टेकून," मी म्हटलं. "मी मिक्सर धुऊन देवाला परत देते. नाहीतर देव आणि तुमचे अण्णा, दोघं मिळून मला माहेरी पाठवतील."

"अं हं हं," हे हसले.

मी भांडं धुतलं, पुसलं. पाटावर मिक्सर ठेवला, माळ घातली. कुंकवाच्या करंड्याकडं हात नेला तेवढ्यात मागून एक आवाज आला. ओरडण्याचा नव्हता. भरलेली बाटली उलटी केली की आतल्या आत जो डुबुक आवाज होतो, तसा.

मी वळले. हे उठून बसले होते. डोळे मोठे झालेले, एक हात हवेत. ओठांच्या कडेनं केशरी धार गळत होती. उपाशी पोटी गोळी, त्यावर घाईघाईनं पेलाभर स्मूदी. सगळं उलटून वर आलं होतं, आणि वर दार बंद.

"पुढं वाका! पुढं!" मी धावले. पाठीवर हात ठेवून त्यांना खाली वाकवलं. थोडं फटीतून निघालं, जमिनीवर सांडलं. मला वाटलं निघेल, बाई म्हणाल्या होत्या तसं निघेल. पण मागून पुन्हा उबळ आली. त्यांचं सारं अंग ताठ झालं आणि नाकातून फेस आला. मग आवाजच बंद झाला. फटीत काहीतरी बसलं होतं. आत श्वास जाईना, बाहेर काही येईना. ते माझ्या दंडाला धरून मला हलवत होते, जणू मीच झोपले होते आणि मला उठवायचं होतं.

मी खिळ्याकडं हात नेला.

खिळा मोकळा होता. लाल फीत तेवढी लोंबत होती.

मी कितीदा कल्पना केली होती. रात्री पडल्या पडल्या मनात हात उचलायचा, कटर घ्यायचा, डावीकडून सुरुवात करायची. त्या कल्पनेत तार सटकायची, रक्त यायचं, मी रडायची. पण खिळा मोकळा असेल असं कधी मनात आलं नव्हतं. माझा हात भिंतीवरच फिरत राहिला, आंधळ्यासारखा.

"कटर! मामा, कटर कुठाय?"

मामा पाटासमोर उभे राहिले होते. 

"मामा! बोला की! इथला कटर!"

त्यांनी देवीकडं बघितलं. मग गुडघ्यावर पडले आणि तो फुलांचा ढीग दोन्ही हातांनी उधळला. समई कलंडली, तेल सांडलं, कापडाचा कोपरा पेटला. त्यांचं लक्ष नव्हतं. फुलांखालून त्यांनी काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. ते सूतच होतं. पांढरं, जाड, कुंकवानं माखलेलं. आत कुठंतरी निळं रबर.

इतर हत्यारांना दोन-दोन वेढे. याला टोकापासून दांडीपर्यंत गुंडाळलं होतं. थंडीत तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं.

मी ओढलं. तुटेना. विळी, कात्री, पकडी सगळी त्या पेटत्या कापडापलीकडं अडकलेली. आमच्याच मागावरचं सूत. "सूत बघावं तर ढोल्यांकडचं, तुटायचं नाव नाही," असं आमच्या घराबद्दल गावभर ऐकून मी मिरवले होते. आता तेच नखांनी ओरबाडत होते. ह्यांचे ओठ जांभळे पडायला लागले. त्यांनी माझा दंड सोडला. धरलं होतं तेव्हा दुखत होतं, तेच बरं होतं.

"दातानं!" मामा ओरडले. "दातानं तोड!"

मी गाठ दाताखाली धरली. कुंकू, तेल, कापसाचे तंतू सगळं तोंडात गेलं. तुटली. मामांनी टोक धरून भराभरा सूत सोडलं. लडी उलगडण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांची बोटं मला दिसतसुद्धा नव्हती. कटर मोकळा झाला.

"मामा, डोकं धरा. पुढं वाकवून धरा. मागं पडू देऊ नका."

त्यांनी खाटेवर चढून लेकाला पोटाशी घेतलं. एक हात कपाळाला, एक छातीला. मी ह्यांचा ओठ वर केला. सगळं केशरी. तारा दिसेनात. पदरानं पुसलं. दिसल्या. वर पट्टी, खाली पट्टी, मध्ये उभ्या. हात थरथरत होता. थरथरू दे, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. थरथरू दे, थरथरू दे.

डावीकडची. कट्. बारीकसा आवाज, पण त्या दिवशी गावात दुसरा आवाजच नव्हता. पुढची. कट्. एका तारेचं टोक माझ्या बोटात घुसलं. उजवीकडची सटकली. पुन्हा धरली. सटकली. ह्यांचं डोकं जड होत चाललं होतं, मामा मागून "गुरू, गुरू रं" म्हणत होते. तिसऱ्यांदा धरली, दोन्ही हातांनी दाबली. कट्.

जबडा खाली आला. केवढ्या दिवसांनी ते तोंड उघडलं आणि त्यातून सगळं बाहेर पडलं, माझ्या मांडीवर, मामांच्या धोतरावर, खाटेवर. मी बोट घालून घशाजवळचा फाटलेल्या दुधाचा गोळा ओढून काढला. आणि मग तो आवाज आला. श्वासाचा. फाटक्या भात्यासारखा, घाणेरडा, घरघरता. त्याच्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

हौसाक्का दारात उभ्या होत्या. बहुतेक माझं ओरडणं ऐकून आल्या होत्या. त्यांनी आधी पेटलेल्या कापडावर घागर ओतली. मग रस्त्याकडं तोंड करून एक हाक मारली, "सदाऽऽ! रिक्षा काऽऽढ!"

सदाशिवची रिक्षा समोरच्या कोपऱ्यावर होती. आंब्याची पानं, झेंडू, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं, नारळ हातात. तो म्हणाला, "अक्का, अजून नारळ फुटला न्हाई."

"तुझं डोकं फोडीन," अक्का म्हणाल्या.

त्यानं नारळ सीटखाली टाकला आणि लिंबांवरून रिक्षा काढली.

मामांनी ह्यांना सोडलंच नव्हतं. जबडा लोंबत होता, हलला की ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मामांनी आपले दोन्ही तळहात त्याच्या खाली धरले, गालांना लावून, पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसे. कोणी सांगितलं नव्हतं. रिक्षात चढताना, बसताना ते हात हलले नाहीत. खड्डा आला की मामा स्वतः सीटवरून उडायचे, पण हात आणि जबडा एकत्रच वरखाली व्हायचे.

मी पलीकडं बसले होते. मुठीत कटर. आता ह्यांचा श्वास नीट चालला होता, आणि माझ्यात भीतीच्या जागी राग भरायला लागला होता. इतका राग, की माझे दात वाजत होते.

"का काढलात खिळ्यावरून?" मी म्हटलं. "सांगितलं होतं ना तुम्हाला? डॉक्टरीणबाईंनी, मी, सगळ्यांनी? पूजेला तो एकच कमी पडत होता?"

मामांची नजर आपल्या हातांवरच होती. आंब्याची पानं वाऱ्यानं आमच्या तोंडावर येत होती.

"बाकीची पूजेला ठिवली," ते म्हणाले. "त्येला पूजेला न्हाई ठिवला. त्येला निजवला."

"म्हणजे?"

"रोज बगतोय त्येला. खिळ्यावर जागा असतोय. मला रात रात झोप न्हाई पोरी. वाटायचं, ह्यो हाय म्हंजे एक दिस लागनारच. आज सगळी हत्यारं निजत्यात. तू शेजारी गेलीस तवा काढला. म्हटलं, ह्येला सगळ्यांत घट्ट निजवतो. देवीच्या पायाखाली. म्हटलं, आई, उद्या बाकीची उठव. ह्येला उठवू नगंस. आमाला ह्येची गरजच पडू देऊ नगंस." मग म्हणाले, "दुसरं काय मागितलं न्हाई मी."

मुठीतला कटर मी पदराखाली झाकून घेतला. इतके दिवस मला वाटत होतं की त्या खिळ्याला या घरात मी एकटीच भिते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सुट्टीचा दिवस असूनही धावत आल्या. ह्यांना खुर्चीवर घेतलं, छाती तपासली, घसा बघितला. मग दिव्याखाली जबडा. मामा खुर्चीच्या मागं उभे, दोन्ही बाजूंनी हात तसेच.

"तुम्ही कापल्यात का तारा?" बाईंनी मला विचारलं. मी मान हलवली. मी भिंतीला धरून खाली बसले. बसल्यावर कळलं की मूठ उघडत नाहीये. एका नर्सनं एक एक बोट सोडवून कटर काढून घेतला.

"वेळेत झालं," बाई म्हणाल्या. "फुप्फुसात फारसं गेलेलं दिसत नाही. आणि हाड जागचं हललेलं नाही. जबडा कोणी असा धरून ठेवला?"

मी मामांकडं बोट केलं. 

"आजोबा, उत्तम धरलात. आता सोडा. मला नव्यानं बांधायचंय."

मामांनी सोडला नाही.

"आजोबा, मी घेते ना. काही होत नाही आता."

"व्हय," मामा म्हणाले. पण हात तिथंच. बाईंनी माझ्याकडं बघितलं. 

तेव्हा ह्यांनी डोळे उघडले. मान हलवता येत नव्हती म्हणून नुसते डोळे वर केले, मागं, म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडं. सुजलेले ओठ हलले. आवाज ओला, अर्धा, शब्दांना कडा नाहीत. वर्षभरात बापाशी सरळ बोललेले ते पहिलेच शब्द होते, आणि तेही मला मध्ये न घेता.

"अण्णा," हे म्हणाले, "हात किती गार पडलेत तुमचे."

मामांनी हात झटकन काढून घेतले. ते दोन्ही तळहात त्यांनी एकमेकांवर घासले, जोरजोरात, खसाखसा, तोंडाजवळ नेऊन त्यांवर वाफ सोडली. डॉक्टरीणबाई हातात तार घेऊन थांबून राहिल्या. मग मामांनी ते हात पुन्हा लेकाच्या गालांना लावले.